पाप कधीपासून?

1945 सालचा शरद ऋतू. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि अमेरिकन सैनिकांनी खच्चून भरलेलं एक जहाज युरोपकडे निघालं होतं. त्यातल्या अठरा वर्षांच्या एका गोऱ्या पोराच्या हातात वरिष्ठाने दंडुका दिला आणि सांगितलं, खाली जा, काळे सैनिक जुगार खेळतायत, बंद कर. जहाजावर काळे सैनिक आहेत हेच त्या पोराला तोवर ठाऊक नव्हतं. गोल जिने उतरत उतरत तो पार तळाशी पोचला. तिथे उकाड्यात, अंगावर जेमतेम कपडे, एकमेकांना चिकटून बसलेली माणसं. कुणीतरी विचारलं, गोऱ्या पोरा, तू इथे काय करतोयस? त्याने कुणाचा डाव मोडला नाही. पाळी संपेपर्यंत तो अंधारात अंग चोरून उभा राहिला. वरच्या गोऱ्यांना खालचे दिसत नव्हते, आणि सगळं सैन्य निघालं होतं हिटलरच्या वंशवादातून सुटलेल्या जर्मनीत बंदोबस्ताला.

हा पोरगा म्हणजे डेव्हिड ब्रायन डेव्हिस. गुलामगिरीच्या विचारांचा इतिहास त्याच्याइतका खोल जाऊन दुसऱ्या कुणी लिहिलेला मला माहीत नाही. ते जहाज आपल्याला गुलामांच्या जहाजासारखं वाटलं, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. पण अशा साक्षात्काराच्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. वाल्याचा वाल्मीकी एका प्रश्नाने होतो तो पुराणात. डेव्हिस जर्मनीतून घरी पत्रं लिहीत होते, इतिहास शिकवावा असं मनात येतंय म्हणून कळवत होते. पण परत येऊन डार्टमथला शिकले ते तत्त्वज्ञान, आणि हार्वर्डला प्रबंध लिहिला तो अमेरिकन कादंबऱ्यांतल्या खुनांवर. तेव्हाच्या हार्वर्डमध्ये गुलामगिरीचं नाव अभ्यासात क्वचित निघत असे. 1955 मध्ये केनेथ स्टॅम्प हे इतिहासकार तिथे पाहुणे म्हणून आले. दक्षिणेतल्या गुलामगिरीवरचं त्यांचं पुस्तक तेव्हा पुरं होत आलं होतं. त्यांच्याशी बोलताना डेव्हिसना जाणवलं की आपल्या देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याला कुणी शिकवलेलीच नाही. जहाजावरच्या त्या दिवसाला दहा वर्षं होऊन गेली होती.

मी एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात इतिहास शिकवला. टी. वाय. ला आधुनिक जगाच्या पेपरात अमेरिकेचं यादवी युद्ध यायचं. लिंकन, उत्तर, दक्षिण, कारणे व परिणाम. आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी पोरगी हात वर करायची: मॅडम, ती माणसं रोज चर्चमध्ये जायची ना? मग त्यांना कळत नव्हतं का? मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर यायचं: अगं, त्या काळी तसंच होतं. वर्ग समाधानाने मान डोलवायचा. या उत्तरात एक मोठी सोय आहे. त्याने पणजोबाही सुटतात आणि आपणही.

डेव्हिस यांनी आयुष्यभर या मागच्या बाकावरच्या उत्तराशी झुंज घेतली, पण भलत्याच टोकाकडून. त्यांनी प्रश्नच उलटा करून ठेवला. गुलामगिरी इतकी वर्षं टिकली कशी, हे कोडं नव्हेच. जवळजवळ प्रत्येक जुन्या समाजात ती होती आणि शहाण्यासुरत्या माणसांना ती टोचत नव्हती. कोडं आहे ते हे की अठराव्या शतकात, पन्नास-साठ वर्षांच्या अवधीत, एकाएकी ती पाप कशी ठरली? देव तोच, बायबल तेच, दहा आज्ञा त्याच. मग पाप नवं कुठून आलं? या प्रश्नावर एक प्रकरण लिहायला म्हणून ते बसले आणि त्याची तीन जाडजूड पुस्तकं झाली. पाश्चात्त्य संस्कृतीतील गुलामगिरीचा प्रश्न मांडणारं पहिलं 1966 मध्ये आलं, त्याला पुलित्झर मिळालं. क्रांतियुगावरचं दुसरं 1975 मध्ये. मुक्तियुगावरचं तिसरं आलं 2014 मध्ये, तेव्हा ते जवळजवळ 87 वर्षांचे होते.

पहिल्या पुस्तकात मोठमोठी माणसं एकेक करून समोर येतात आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, काही माणसं जन्मतःच गुलाम. पाळीव जनावराचा आणि त्यांचा उपयोग फारसा वेगळा नाही. तोच अ‍ॅरिस्टॉटल मृत्युपत्रात आपल्या काही गुलामांना मोकळं करा म्हणून लिहून ठेवतो. म्हणजे सिद्धांत एका कप्प्यात, घरची माणसं दुसऱ्या. स्टोइक म्हणतात, खरी गुलामी मनाची. वासनांचा गुलाम तोच खरा गुलाम, बाकी साखळी ही बाहेरची बाब. ऐकायला किती उदात्त! पण ज्याच्या पायात साखळी आहे त्याला याचा काय उपयोग? संत पॉल पळून आलेल्या ओनेसिमसला पत्र देऊन मालकाकडे परत पाठवतो आणि त्याला भावासारखं वागव म्हणतो. अठराशे वर्षांनी अमेरिकेत त्याच चिमुकल्या पत्राचा दाखला गुलामांचे मालकही देत होते आणि गुलामगिरीचे विरोधकही. माणसाच्या नैसर्गिक स्वातंत्र्याचा प्रवक्ता जॉन लॉक तर गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत भागधारक होता.

यातला ऑगस्टीन मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कुलूप तिथे आहे. तो म्हणतो, देवाने माणूस माणसाचा मालक म्हणून घडवला नव्हता. गुलामगिरी जगात आली ती पापाची शिक्षा म्हणून. आदमच्या पतनानंतर साऱ्या मानवजातीवर हे ओझं आहे, आणि ते देवाच्या न्यायाबाहेरचं नाही. आता बघा, याने काय साधलं. गुलामगिरी वाईट आहे हे कबूल झालं, आणि तिला हात लावायचं कारणही उरलं नाही. जे स्वतःच पापाचं फळ आहे ते आणखी कोणतं पाप ठरणार? आधी पापाची कल्पना बदलायला हवी, तेव्हाच गुलामगिरी पापाच्या यादीत जाऊ शकते, हा डेव्हिस यांचा पहिल्या पुस्तकातला मुख्य धागा.

हे वाचताना मराठी वाचकाला आपल्या घरातला आवाज ऐकू आला नाही तरच नवल. मागच्या जन्मीचं भोगतोय बिचारा! या वाक्यात कणव खोटी नसते. माझ्या आजेसासूबाई दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नसत, आणि त्याला उंबऱ्याच्या आतही घेत नसत. दोन्ही त्यांना धर्मच वाटे. ऑगस्टीनचं सामुदायिक पतन आणि आपलं वैयक्तिक कर्म या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण दोन्हींनी एक काम सारखंच केलं: दुःखाचा हिशेब इतक्या मागच्या पानावर नेऊन ठेवला की आजच्या मालकाचं नाव त्यात कुठे सापडूच नये.

आणि हे सगळं केवळ ग्रंथात नव्हतं. इंग्लंडच्या चर्चची धर्मप्रसारक सोसायटी होती, तिला ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाच्या जमीनदाराने 1710 मध्ये मृत्युपत्राने बार्बाडोसमधले उसाचे मळे दिले, माणसांसकट. मळ्याचं उत्पन्न धर्मकार्याला. या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने डाग दिला जाई, आणि डागातला शब्द होता ‘सोसायटी’. चर्चने त्याबद्दल माफी मागितली ती 2006 मध्ये.

मग फुटलं कुठे? डेव्हिस आपल्याला क्वेकरांकडे घेऊन जातात. पुरोहित नाही, कर्मकांड नाही, प्रत्येकाच्या अंतरात देवाचा प्रकाश आहे आणि गप्प बसलं की तो बोलतो, असं मानणारा हा पंथ. त्यांच्यातही गुलाम होतेच. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी लेखी हरकत घेतली. ती वरच्या सभेकडे, तिथून आणखी वरच्या सभेकडे गेली आणि बासनात पडली. आपल्या सरकारी कचेऱ्यांना या पद्धतीत नवं काही वाटू नये. मग आला बेंजामिन ले. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, बार्बाडोसमध्ये दुकान चालवताना गुलामांची उपासमार डोळ्यांनी पाहिलेला. 1738 मध्ये बर्लिंग्टनच्या सभेत हा अंगरख्याआड शिपायाचा वेश आणि तलवार घेऊन आला. हातात पोखरलेलं पुस्तक, पुस्तकात लाल रसाची पिशवी. भाषण करता करता त्याने तलवार पुस्तकात खुपसली आणि ते ‘रक्त’ जमलेल्या गुलाममालकांवर उडालं. त्याला पंथाबाहेर काढण्यात आलं. वीस वर्षांनी, 1758 मध्ये, फिलाडेल्फियाच्या सभेने ठराव केला की जो गुलामांची खरेदी-विक्री करील त्याला पंथाच्या कारभारात जागा नाही. ले तेव्हा म्हातारा होता. पुढच्याच वर्षी गेला.

पण डेव्हिस यांनी पहिल्या पुस्तकाचा शेवट ज्याच्यावर केला तो ले नव्हे. तो जॉन वुलमन, न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा एक शिंपी. माझं मन त्याच्यापाशी अडकलं, त्याला कारण आहे.

माझे वडील तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारे दस्तलेखक होते. लोक बाँड रायटर म्हणत. सुट्टीत त्यांच्याजवळ बसून मी कच्च्या प्रती उतरवून द्यायची. कायम फरोक्त खरेदीखत. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक. चतुःसीमा पूर्वेस, पश्चिमेस. सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. कोणी हिल्ला-हरकत केल्यास ती लिहून देणार यांनी स्वखर्चाने निवारावी. दस्ताची भाषा अशी असते की लिहिताना डोकं चालवावं लागत नाही. चालवलं तर हात थांबतो. वडील सांगत, आपण मजकुराचे धनी नव्हे, अक्षराचे.

वुलमन विशी-बाविशीत एका दुकानदाराकडे वर्षाच्या बोलीने कारकून होता. एक दिवस मालक म्हणाला, माझ्याकडची ती काळी बाई विकलीय, तिचं विक्रीखत लिही. घेणारा समोर बसलाय. घेणारा कोण, तर आपल्याच पंथातला एक वयस्क, भला गृहस्थ. वुलमनच्या पोटात कालवलं. पण आपण नोकर, सांगणारा मालक, घेणारा सज्जन, असा विचार करून त्याने खत लिहिलं. लिहिता लिहिता दोघांच्या तोंडावर एवढंच म्हणाला की, गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असं मला वाटतं. काही काळाने दुसऱ्या एकाने असाच कागद लिहायला सांगितला तेव्हा त्याने सौम्यपणे नकार दिला.

त्या विक्रीखताच्या जागी मी वडिलांचं टेबल ठेवून पाहते. लिहून देणार आहे, लिहून घेणार आहे, साक्षीदार आहेत. बाई कोणत्या रकान्यात? ती मिळकतीत, जल, तरू, तृण यांच्या ओळीत. आणि तरीही ती खोलीत कुठेतरी उभी आहे, तिला सगळं ऐकू येतंय. गुलामगिरीच्या मुळाशी असलेली विसंगती डेव्हिस दाखवतात ती हीच. कायदा माणसाला वस्तू म्हणतो, आणि ती वस्तू ऐकते, समजते, गुन्हा केला तर त्याच कायद्याने फाशीही जाते. बैल चोरी करत नाही. गुलाम करतो, कारण तो माणूस आहे हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. कळत नव्हतं का, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. कळत होतं. दस्ताची भाषा ते कळणं बाजूला ठेवायला मदत करत होती.

वुलमनने पुढची तीस वर्षं घरोघर हिंडण्यात घालवली. गुलाममालकाकडे मुक्काम झाला तर निघताना गुलामांच्या कष्टाचे पैसे ठेवून जाई. साखर सोडली. रंगवलेले कपडे सोडले. पांढरट, बिनरंगी पोशाखातला हा माणूस बघून लोक हसत. 1772 मध्ये तो इंग्लंडला गेला आणि यॉर्कमध्ये देवीच्या रोगाने वारला. त्याने कुणाला शाप दिले नाहीत, कुणावर रक्त उडवलं नाही. पण पापाची कल्पना बदलली ती अशी: पाप आता आदमचं नव्हतं, अमुक गावच्या अमुक दुकानात आज दुपारी लिहिल्या जाणाऱ्या कागदाचं होतं.

इथे थांबलं तर ही सद्विवेकाच्या विजयाची गोड कथा होते, आणि इंग्रज इतिहासकारांनी ती शंभर वर्षं तशीच सांगितली. तिला पहिला सुरुंग लावला त्रिनिदादच्या एरिक विल्यम्सने. पुढे हाच आपल्या देशाचा पंतप्रधान झाला. भांडवलशाही आणि गुलामगिरी यांवरच्या 1944 च्या पुस्तकात त्याने म्हटलं, साखरेचे मळे किफायतशीर होते तोवर इंग्लंडला दया आली नाही. ते तोट्यात जाऊ लागले तेव्हा आली. 1977 मध्ये सेमूर ड्रेशर यांनी आकडे मांडून उलट दाखवलं: 1807 मध्ये इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला तेव्हा मळे भरात होते. अमेरिकेचंही तेच. 1860 मध्ये तिथे सुमारे 40 लाख गुलाम होते आणि त्यांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांच्या एकत्रित किमतीहून जास्त होती, हे डेव्हिस पुन्हा पुन्हा सांगत. मरणपंथाला लागलेली ती व्यवस्था नव्हती. त्या कापसाच्या धाग्याचं एक टोक तर आपल्याच दारात आहे. यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला म्हणून मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच बॅक बेच्या शेअरांसकट अर्धी पेठ बुडाली. चाळीस लाख माणसं मोकळी झाली त्या साली मुंबईच्या पेठेत सुतकच होतं.

मग सद्विवेक की स्वार्थ? डेव्हिस यांनी 1975 च्या पुस्तकात दिलेलं उत्तर मला दोन्हींहून बोचरं वाटतं. ते विरोधकांना ढोंगी म्हणत नाहीत. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना शंका नाही. पण ते विचारतात, हाच सद्विवेक जमेकाच्या मळ्यावर जागा होतो आणि मँचेस्टरच्या गिरणीत बारा-चौदा तास राबणाऱ्या पोरापाशी का झोपतो? साखळी म्हणजे गुलामी असं एकदा ठरलं की ज्याच्या पायात साखळी नाही तो आपोआप स्वतंत्र ठरतो, मग तो उपाशी का मरेना. एका अन्यायावर पडलेला झोत दुसऱ्याला अंधारात ढकलतो, आणि हे कुणी मुद्दाम करत नाही. यावर टॉमस हॅस्केल यांनी वाद घातला: वर्गीय हितसंबंध इथे आणू नका, बाजारपेठेने माणसांना दूरवरच्या परिणामांचा विचार करायला शिकवलं, म्हणून लांबच्या गुलामाची जबाबदारी आपली वाटू लागली. वाद बरीच वर्षं चालला. हॅस्केल हुशार आहेत, पण गिरणीतल्या पोराचं उत्तर त्यांच्याकडे नाही. मी डेव्हिस यांच्या बाजूची.

आणि तरी इथेच मला जोतीराव आडवे येतात. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना, हबशी गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निरपेक्षपणे केलेल्या त्यागाबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली. आता डेव्हिस वाचलेल्या माणसाने ‘निरपेक्ष’वर लाल पेन्सिल फिरवायची का? दक्षिणेत तेव्हा काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क मिळालेला होता. चारच वर्षांनी उत्तरेने हात झटकले आणि तो हळूहळू काढून घेतला गेला. पण जोतीराव इतिहास लिहीत नव्हते, तगादा लावत होते. ज्यांना फायदा आहे तेसुद्धा फायदा सोडू शकतात, हे कुठेतरी घडलेलं आहे, एवढा एक दाखला त्यांना हवा होता. गंमत अशी की तीन पुस्तकं खर्ची घालून सद्विवेकाचे सगळे गुंते दाखवल्यावर डेव्हिसही तिथेच येतात. गुलामगिरीचा अंत अटळ नव्हता, तो माणसांनी ठरवून घडवला. जाणूनबुजून केलेल्या नैतिक प्रगतीचं याहून मोठं उदाहरण इतिहासात मिळणं कठीण, हा त्यांचा शेवटचा निष्कर्ष. जोतीरावांना तो अर्पणपत्रिकेतच ठाऊक होता.

डेव्हिस यांचं एक मला पटत नाही. पहिल्या दोन पुस्तकांत गुलामगिरीबद्दल विचार करणारे बहुतेक सगळे गोरे आहेत. तत्त्वज्ञ, धर्मगुरू, खासदार, व्यापारी. ज्याला विकलं जात होतं तो काय विचार करत होता? पाप कधीपासून, हा प्रश्न मालकाच्या बाजूच्या माणसालाच पडतो. गुलामाला ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यासाठी ऑगस्टीन ओलांडावा लागत नाही. 1791 मध्ये हैतीतले गुलाम उठले आणि 1804 मध्ये त्यांनी स्वतःचं राज्य उभं केलं, ते काही वुलमनची रोजनिशी वाचून नव्हे. तिसऱ्या पुस्तकात मात्र हैती आहे, फ्रेडरिक डग्लस आहे, मुक्त काळ्यांची चळवळ आहे. जनावरासारखं वागवलं गेल्यावर माणसाच्या आत काय होतं, हा प्रश्नही आहे. त्याला यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

मागच्या बाकावरच्या उत्तराचं बाकीचं अर्धं इथे निकालात निघतं. ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणताना तो काळ कुणाचा, हे आपण विचारत नाही. त्या काळात ती बाईही होती, खत लिहून होईपर्यंत उभी राहिलेली. बेंजामिन लेही त्याच काळात होता, आणि त्याला बाहेर काढणारेही. काळ एकमुखाने कधीच बोलत नसतो; कुणाचं दप्तर टिकलं, एवढाच प्रश्न असतो.

दप्तरं आपलीही टिकली आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. मोडी वाचता येणाऱ्याला त्यात कुणबिणी आणि बटकी जागोजागी भेटतात. कोठीवर दळणकांडण करणाऱ्या, पागेत राबणाऱ्या, विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकारी दासी करत, ही तर शिक्षाच होती. सुमित गुहांनी अठराव्या शतकातल्या या व्यवहाराविषयी सविस्तर लिहिलं आहे. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर येतो, तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेला होता हे एका ओळीत सांगून आपण त्याच्या पराक्रमाकडे वळतो. बरोबरच आहे, पराक्रमी गुलामाबद्दल बोलणं सोपं असतं. दळण दळणाऱ्या कुणबिणीबद्दल बोलायचं तर दळलेलं पीठ कुणी खाल्लं ते सांगावं लागतं. ते पीठ खाणारी माणसं दानधर्म करत होती, एकादश्या धरत होती. धर्मभीरू होती. कॉड्रिंग्टनच्या सोसायटीइतकीच.

डेव्हिस यांनी उतारवयात यहुदी धर्म स्वीकारला. ज्या परंपरेचा सण गुलामीतून सुटल्याच्या आठवणीचा, ती त्यांना जवळची वाटली असेल तर त्यात आश्चर्य नाही. पण त्या परंपरेलाही त्यांनी हिशेबातून सूट दिली नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत काहींनी अटलांटिकचा गुलाम-व्यापार मुळात यहुद्यांनी चालवला असा प्रचार सुरू केला, तेव्हा 1994 मध्ये त्यांनी लेख लिहून तो खोडून काढला. मात्र यहुदी व्यापारी त्यात होते, त्यांचा वाटा किती लहान होता आणि कुठे होता, हेही तिथेच मांडलं. त्याच सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळामास्तरांना बोलावून गुलामगिरी शिकवण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला, आणि त्या व्याख्यानांतून 2006 चं पुस्तक झालं. मास्तरकी केलेल्या मला त्यांचं हे काम पुलित्झरहून मोठं वाटतं. 2019 मध्ये, 92 व्या वर्षी ते गेले.

वर्गातल्या त्या पोरींनी पुन्हा हात वर केला तर आता मी त्यांना 1833 चा कायदा वाचायला देईन. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी त्याने संपवली. कंपनी सरकारचा हिंदुस्थान मात्र त्यातून वगळला. इथे कायद्याने गुलामीची मान्यता काढून घ्यायला 1843 उजाडलं. 1833 चा तो कायदा पार्लमेंटात मंजूर करणाऱ्यांच्या लेखी गुलामगिरी आता निखालस पाप होती. पण पाप करणाऱ्याचं नुकसान कुणी भरून द्यायचं, यावर त्यांचं एकमत पटकन झालं. मालकांना 2 कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली, सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या सुमारे 40 टक्के. मालकांनी माणसांच्या याद्या जोडून दावे दाखल केले. दावेदारांत विधवा होत्या, धर्मोपदेशकही होते. थोडक्यात, लिहून देणार मालक, लिहून घेणार सरकार, आणि मिळकत तीच. सुटलेल्यांना वर आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’ म्हणून त्याच मळ्यांवर राबावं लागलं, ते 1838 मध्ये थांबलं. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची बाकी ब्रिटिश सरकारने 2015 मध्ये फेडली. सुटलेल्या सुमारे 8 लाख माणसांना त्यातली एक पेनीही मिळाली नाही.